बारा हजारांचा बेस

बेस गिटारला चार तारा असतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाटूरला माझ्या हातात हे वाद्य ज्यानं ज्यानं पाहिलं त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला, की बाकीच्या दोन कुठं गेल्या. अब्बांनीही तेच विचारलं होतं. "दो तारां किदर गये?" मी सांगितलं, ही गिटार नाही, बेस आहे, याला चारच असतात. मग दुसरा प्रश्न आला. तोही सगळे विचारतात. "कित्ते का है?"

मी म्हणालो, "बारा हजार."

तो बेस एक लाख बासष्ट हजारांचा होता.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आई-बापाला अशा किमती सांगितल्या असतील. सातशेचा शर्ट तीनशेला, मोबाईल 'ऑफिसनं दिला'. त्या वेळी मला ते खोटं वाटलंच नाही. अब्बांच्या जिवाला उगाच घोर नको, एवढंच डोक्यात होतं. पुढं काय झालं ते सांगायला बसलोय, पण त्याआधी हे बेस प्रकरण काय आहे ते सांगावं लागेल, नाहीतर एवढे पैसे माणूस कशाला घालतो हेच कळायचं नाही.

वाटूर हे परतूर तालुक्यातलं गाव. जालन्याहून मंठ्याकडं जाताना वाटूर फाटा लागतो, तो बऱ्याच जणांना माहीत असतो. गाव तेवढं माहीत नसतं. फाट्यावर अब्बांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळतात, शेतकरी त्या मोटारसायकलवर आडव्या टाकून आणतात आणि अब्बा त्या भरून देतात. जळालेलं वाइंडिंग छिन्नीनं तोडायचं, स्टेटरचे खाचे साफ करायचे, कागद घालायचा, नव्या तारेची कॉइल करून बसवायची, दोऱ्यानं बांधायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं. वार्निशचा तो वास मला अजून कुठं आला की मी आठ वर्षांचा होतो.

दुकानात एक टेपरेकॉर्डर होता. त्याचा स्पीकर अब्बांनी काढून माठाच्या तोंडावर पालथा ठेवला होता. ज्यांनी हे घरी केलंय त्यांना सांगायला नको. आवाज घुमतो, खालचा सूर भरून येतो. आर. डी. बर्मनची गाणी त्या माठातून ऐकली आणि मला गाण्याच्या खाली कुणीतरी चालतंय असं वाटायला लागलं. शब्द वर, तबला मध्ये, आणि तळाशी कुणीतरी धिम्या पावलानं सोबत येतंय. ते वाद्य कोणतं हे सांगणारं कुणी नव्हतं. बेंजो पार्टीत ते नव्हतं, परभणीच्या उरुसात ऐकलेल्या कव्वाल्यांत कीबोर्डवाल्याचा डावा हात ते काम करायचा. पुष्कळ वर्षांनी कळलं की बर्मनच्या वाद्यवृंदात टोनी वाझ नावाचे वादक बेस गिटार वाजवायचे. म्हणजे मी त्यांच्यामागं लागलो होतो आणि मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

संगीत जायज की नाजायज हा वाद मी इथं काढणार नाही. आमच्या घरात तो कधी मिटला नाही आणि कधी पेटलाही नाही. अम्मी अजान झाली की टेप बंद करायची, संपली की अब्बा लावायचे.

औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा साडेआठ हजारांचा पहिला बेस घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच, की दाबताना बोटाची कातडी सोलायची. बाराव्या फ्रेटला सूर पाव पट्टी चढा. तरी त्यावर चार वर्षं वाजवलं आणि गॅदरिंगच्या बँडमध्ये नाव केलं. २०१२ ला पुण्यात नोकरी लागली. तो बेस वाटूरला आणून भिंतीला टांगला.

आणि २०१८ ला मुंबईच्या एका दुकानातून अमेरिकन बनावटीचा फेंडर जॅझ बेस घेतला.

फेंडरची गोष्ट मला फार आवडते. लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, आयुष्यभर आली नाही. त्या काळी बेस म्हणजे माणसाएवढं उभं वाद्य. ते गाडीत मावायचं नाही आणि ट्रम्पेटपुढं ऐकू यायचं नाही. त्यावर फ्रेट म्हणजे पडदेही नसायचे, सूर अंदाजानं पकडायचा. १९५१ मध्ये फेंडरनं गिटारसारखा आडवा धरायचा, फ्रेट असलेला, विजेवर चालणारा बेस बाजारात आणला आणि नाव दिलं प्रिसिजन, म्हणजे अचूक. १९६० ला जॅझ बेस आला. मान निमुळती, पिकअप एकाऐवजी दोन. १९६५ ला त्यानं अख्खी कंपनी एक कोटी तीस लाख डॉलरला विकली. पण माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. १९७६ ला म्युझिक मॅन नावानं त्यानं स्टिंगरे बेस आणला, त्यात नऊ व्होल्टची बॅटरी घातली. आज जगात लाखो रुपयांचे जे बेस विकले जातात, त्यातल्या बहुतेकांचा आजा या दुकानदाराच्या बाकावर जन्मला आहे.

महागडा बेस घेतला की एक रोग लागतो, तुलनेचा. घेतलेला वाजवायच्या आधी माणूस न घेतलेल्याबद्दल वाचायला लागतो. मी सहा महिन्यांत स्टिंगरे घेतला, जुना, मुंबईतल्या एका वादकाकडून, एक लाख दहा हजाराला. मग एक पाच तारांचा जर्मन बेस घेतला आणि विकला. एक जपानी घेतला आणि विकला. प्रत्येक वेळी पाच-दहा हजार वर किंवा खाली. एकदा बंगळुरूला ओळखीतून ओळख काढत फोडेरा हातात मिळाला. ब्रुकलिनला १९८३ पासून मोजकेच कारागीर बनवतात ते बेस. वादक पाण्यासारखा माणूस, म्हणाला, वाजवा तासभर. त्या पैशात आमच्या गावात ट्रॅक्टर येतो हे डोक्यातून काढायला मला पंधरा मिनिटं लागली. नंतरची पंचेचाळीस मिनिटं खरी. त्यात मला असं जाणवलं की हा बेस माझ्यापेक्षा जास्त वाजवतोय. सगळ्या मानेवर एकेक सूर सारख्या वजनाचा. लाकडी मानेच्या बऱ्याच बेसवर सगळ्यात बारीक तारेच्या पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास एक सूर लवकर मरतो. मान त्याच कंपनानं थरथरते आणि तारेची ताकद खाऊन टाकते. माझ्या एका बेसवर तो होता. फोडेरावर मी तो शोधत होतो, सापडला नाही. खोड काढायची म्हणून शोधत होतो, हेही कबूल करतो.

त्या वर्षी रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना अडलो. वापराच्या वस्तूवर जकात नाही, विकण्याच्या मालावर आहे. एका मौलाना साहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बजाते हो या बेचते हो?" मी म्हणालो, "बजा के बेचता हूँ." ते हसले. म्हणाले, घेतानाच विकायच्या नियतीनं घेतला असेल तर हिशेबात धरा, वाजवायच्या नियतीनं घेतला असेल तर नका धरू. नियत तुम्हालाच माहीत. त्या रात्री मी खाटेवर बसून समोरच्या चार केसेसकडं बघत राहिलो. एकाच बेसबद्दल खात्रीनं सांगता आलं.

जेम्स जेमरसनचं उदाहरण मला तेव्हाही माहीत होतं. मोटाउनच्या साठच्या दशकातल्या किती गाण्यांखाली त्याचा बेस आहे याची मोजदाद अवघड. त्यातली बहुतेक त्यानं एकाच १९६२ च्या प्रिसिजनवर वाजवली, आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही म्हणतात. मी दर दोन महिन्यांनी अडीच हजारांच्या तारा बदलत होतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागायच्या दोन-तीन दिवस आधी मी पुणं सोडलं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये पावणेतीन लाखांची वाद्यं टाकून जायला जीव होईना, म्हणून जॅझ आणि स्टिंगरे मागच्या सीटवर आडवे घातले, पायाशी छोटा अँप ठेवला आणि वाटूर गाठलं. दहा-पंधरा दिवसांसाठी आलो होतो. सात महिने राहिलो.

एप्रिलमधला मराठवाडा लाकडाला काय करतो ते मी तेव्हा पाहिलं. पुण्यात गुळगुळीत असलेली मान वाटूरला करवतीसारखी लागायला लागली. हवा कोरडी, फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, पण धातूचा फ्रेट आकसत नाही. त्याची टोकं बाहेर येतात आणि हात वरखाली करताना टोचतात. साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला स्पंज घातला आणि केसमध्ये ठेवला. अम्मी म्हणाली, "इस कू भी रोजा नै रख्ने देता तू."

त्याहून मोठी अडचण विजेची. अँप लावला की घूंऽऽ असा आवाज. तारेला हात लावला की कमी व्हायचा, सोडला की वाढायचा. एकदा ओल्या पायानं उभा होतो आणि तारेतून चांगलाच करंट बसला. आपाचा मुलगा, माझा भाचा, जोरात हसला. तो डीजेवर काम करायचा; लग्नं बंद, म्हणून रिकामा होता. त्याचं माझ्या बेसबद्दलचं मत पहिल्या दिवशीच तयार झालं होतं: "मामू, इसमें बेस तो हैच नै." त्याच्या बेसनं खिडकीची तावदानं हलतात, मांडवात उभ्या माणसाच्या छातीत धडधड होते. त्या मापानं तो बरोबरच होता.

करंट बसल्याचं कळलं तेव्हा अब्बा दुकानातून उठून आले. टाळेबंदीत दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं, पण पाणी तर शेताला द्यावंच लागतं, मोटारी यायच्याच. त्यांनी टेस्टर लावला, बोर्ड उघडला. म्हणाले, घराला अर्थिंग नाहीच, तिसरी पिन नुसती शोभेला आहे. मग जॅझ बेसकडं बोट करून म्हणाले, "ये खोल."

मी त्या बेसचा एक स्क्रू कधी उघडला नव्हता. अब्बांनी चष्मा कपाळावर सरकवून पिकअप बाहेर काढला, उलटासुलटा केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी ओळख म्हणेन. चुंबकाचे आठ खिळे आणि भोवती तांब्याची तार. तारेखाली चुंबक, वर लोखंडी तार हलली की कॉइलमध्ये करंट तयार होतो. मोटारीत करंट देऊन लोखंड फिरवतात, इथं लोखंड हलवून करंट घेतात. मला हे समजवायला पुण्यात तीन व्हिडिओ लागले होते. अब्बांना काही समजवावं लागलं नाही.

"कौन्से गेज की तार है?"

मी मोबाईलवर बघून सांगितलं, केसाइतकी बारीक, आणि वेढे नऊ हजारांच्या आसपास. त्यांनी मीटर लावला, साडेसात किलोओहम दाखवले. ते एकदम गप्प झाले. त्यांच्या मोटारीच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स दोन-चार ओहम असतो. एवढी बारीक तार न तोडता नऊ हजार वेळा गुंडाळायची म्हणजे काय, हे त्या घरात फक्त त्यांना कळत होतं. "हात से भरते क्या मशीन से?" मी म्हणालो, मशीनवर, पण काही कारागीर अजून तार बोटांच्या चिमटीतून सोडत हातानं भरतात आणि त्याचे जास्त पैसे घेतात. "लेनाच पडतिंगे," ते म्हणाले. त्यांनी महाग वस्तूची बाजू घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली.

जॅझ बेसला दोन पिकअप असतात. दुसरा पहिल्याच्या उलट्या दिशेनं भरलेला, चुंबकही उलटा. दोन्हींचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवला की विजेची घूं एकमेकींना मारते आणि तारेचा सूर मात्र जोडला जातो. एक कमी केला की घूं परत. हे सांगितल्यावर अब्बा स्वतः नॉब फिरवून बघत बसले, लहान मुलासारखे. स्टिंगरेमध्ये हीच दोन कॉइलची जोडी एकाच डबीत आहे, म्हणून तो मुळातच शांत. वर बॅटरी, त्यामुळे आवाज धारदार आणि ताकदीचा. अब्बांचा निकाल असा: जॅझ म्हणजे जुनी खुल्या विहिरीवरची मोटार, दुरुस्त करता येते. स्टिंगरे म्हणजे सबमर्सिबल. मी आजवर वाचलेल्या तुलनांमध्ये याहून नेमकी तुलना मला आठवत नाही.

मानेवरच्या काळपट लाकडावर त्यांनी अंगठा फिरवला. "शिसम है ना?" होतं. दुकानदारानं भारतीय शिसव म्हणूनच विकला होता. दादीचा शिसवी संदूक आमच्या घरात अजून आहे, तेच लाकूड. जगभरच्या गिटारींच्या फ्रेटबोर्डला हे आपल्याकडचं शिसव जातं. २०१७ मध्ये शिसवाच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली, तेव्हा एकेक गिटार सीमेपार विकायलाही कागद लागायला लागले. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे लाकूड आपलं, जाऊन येतं अमेरिकेला, आणि येताना त्याचे लाख-दीड लाख होतात. हे मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणण्याची सोय नव्हती, कारण माझ्या लेखी तो बारा हजारांचा होता.

"अपने यहाँ नै बनते क्या ऐसे बाजे?" अब्बांनी विचारलं. मी मिरजेचं सांगितलं. तिथली सतार बनवणारी घराणी मूळ शिकलगारांची, तलवारींना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेबांपासून ती वाद्यांकडं वळली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. (२०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.) मी तिथं एकदा गेलो होतो. जवारी लावताना कारागीर घोडीवरचा हस्तिदंतासारखा पांढरा तुकडा कानसतो, वाजवून बघतो, पुन्हा कानसतो. कागदाच्या जाडीएवढा फरक, आणि एका क्षणी तानपुरा बोलायला लागतो. माझ्या जॅझ बेसच्या किमतीत असे दोन-तीन चांगले तानपुरे सहज येतील. कुणाचं काम बारीक, यावर पैज लावायची वेळ आली तर मी मिरजेवर लावीन.

मग रमजान लागला. तरावीह घरीच. वेळ जाता जाईना, म्हणून इफ्तारनंतर एक दिवस मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. तीन बेस: भिंतीवरचा साडेआठ हजारांचा, जॅझ आणि स्टिंगरे. जुन्या बेसला आधी नीट केलं. मानेतला लोखंडी गज अर्धा फेरा आवळला, तारा नव्या घातल्या, घोडी खाली घेतली, सूर बसवले. हे तासाभराचं काम कॉलेजात चार वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी समजत होतो माझी बोटंच नालायक. एकच आठ मात्रांचा तुकडा तिन्हींवर वाजवून लॅपटॉपवर घेतला आणि नाव न सांगता हेडफोनवर ऐकवला.

आपा म्हणाली, तिन्ही एकच आहेत, माझा वेळ घेऊ नको. भाच्याला दुसरा आवडला. तो स्टिंगरे होता, साहजिक होतं. अब्बांनी दोनदा ऐकलं. डोळे मिटून, मोटार ऐकतात तसं. मग म्हणाले, "पैला और तिसरा एकच कंपनी का है."

पहिला साडेआठ हजारांचा, तिसरा एक लाख बासष्ट हजारांचा. माझा जुना बेस जॅझचीच नक्कल होता. दोन पिकअप, तीच जागा, तेच अंतर. अब्बांनी आराखडा ओळखला होता.

मी भांबावून त्यांना पटवायला लागलो. की नाही अब्बा, फरक आहे, हातात घेतल्यावर कळतो. आणि फरक आहेच. महाग बेस तीन तास उभं राहून वाजवला तरी खांदा उतरत नाही. फ्रेटची टोकं गोल केलेली असतात. तो महिनोन्महिने सुरात राहतो. सगळ्यात खालची तार सेकंदाला एकेचाळीस वेळा हलते, स्वस्त बेसवर तिचा नुसता गडगडाट होतो, चांगल्यावर तिला चेहरा येतो. पण यातलं बहुतेक वाजवणाऱ्याला कळतं, ऐकणाऱ्याला नाही. वीस-पंचवीस हजारांच्या पुढं जे पैसे जातात ते जवळजवळ सगळे माझ्या हाताच्या सुखाचे. बोलता बोलता मी म्हणून गेलो, "दोनो में जमीन-आसमान का फरक है."

अब्बा म्हणाले, "साडेआठ और बारा में कित्ता फरक रैंगा?"

भाचा मोबाईलवर होता. बेसच्या डोक्यावर नाव छापलेलं असतंच. त्यानं टाकलं आणि वाचलं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, शून्यांसकट.

त्या रात्री कुणी काही बोललं नाही. अम्मीनं भांडी आवरली. अब्बा दुकानात गेले. मी तासाभरानं मागून गेलो. पिवळ्या बल्बखाली ते एका स्टेटरचे खाचे साफ करत होते. पाच एचपीची मोटार भरून द्यायचे ते तेव्हा अडीच हजार घेत, त्यातले अर्ध्याहून जास्त तांब्यात जात. मी वाटेत हिशेब केला होता. पासष्ट मोटारी. आणि मला त्यांची वही माहीत होती. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी झाडं तोडून जळणाला विकली. पाणी खोल गेलं की मोटार कोरडी चालते आणि जळते. त्या वर्षी अब्बांकडं सगळ्यात जास्त काम होतं आणि सगळ्यात कमी पैसा. लोक म्हणायचे, बाग राहिली की देतो. बागा राहिल्या नाहीत. त्या पानांची बेरीज मी एकदा पेन शोधताना केली होती. जॅझ बेसपेक्षा थोडी कमी भरते.

मी म्हणालो, "अब्बा, पैसे की बात..."

"पैसे की बातच नै," ते म्हणाले. हात थांबला नाही. "मैं लोगां कू बारा हजार बोला ना."

मग कळलं. चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत, दुकानात मोटार घेऊन आलेल्यांना त्यांनी कौतुकानं सांगितलं होतं, पोरानं बारा हजारांचं वाद्य आणलंय. रिवायंडिंगच्या धंद्यात अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा रंग असतो. कॉइल बांधली, वार्निश पाजलं की गिऱ्हाइकाला कळत नाही. सहा महिन्यांनी मोटार जाते तेव्हा कळतं. फाट्यावर अब्बांचं नाव एवढ्यावरच आहे, की ते सांगतील ते असतं.

छिन्नी बाजूला ठेवून ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तांबा बोल के अलमुनियम भऱ्या तू."

मला त्यावर आजही उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी ते फाट्यावर गेले आणि ज्यांना बारा हजार सांगितलं होतं त्यांना खरी किंमत सांगून आले. मला म्हणाले नाहीत, टपरीवाल्यानं सांगितलं. टाळेबंदी असूनही दोघं-तिघं तोंडाला रुमाल बांधून बेस बघायला आले. एकानं विचारलं, "याच्यात सोनं असतं का हो?" अब्बा म्हणाले, "नाही, तांबं. पण खरं."

ईदनंतर त्यांनी घरामागं खड्डा खणला. चार-पाच फूट खोल, मी आणि भाचा माती काढायला. आत तांब्याची पट्टी, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ थरावर थर, वर पाईप. पट्टीची तार बोर्डात आणली. अँप लावला. घूं गेली होती. पुण्याच्या फ्लॅटमध्येही एवढी शांतता कधी नव्हती.

अब्बा म्हणाले, बजा. काय वाजवावं सुचेना, मी सगळ्यात बारीक तार मोकळी छेडली. ते लगेच म्हणाले, "ये तो डीपी की आवाज है."

मी हसलो. मग थांबलो. ती मोकळी तार म्हणजे जी, सेकंदाला अठ्ठ्याण्णव कंपनं. डीपीचा ट्रान्सफॉर्मर पन्नास सायकलच्या विजेवर शंभरानं गुणगुणतो. गल्लीच्या तोंडाशी डीपी आहे. खिडकी उघडली आणि तार पुन्हा छेडली; दोन आवाज एकमेकांवर चढले आणि सेकंदाला दोनदा एक घुमारा यायला लागला, वाँव, वाँव. बाजूबाजूच्या दोन मोटारी चालू असल्या की असंच होतं, अब्बा म्हणाले, एक जरा मागं असते. मी पेग किंचित पिळला. घुमारा लांबत गेला, लांबत गेला आणि थांबला. ते मान डोलावत म्हणाले, "अब्बी मिली."

स्टिंगरे मी पुढच्या वर्षी विकला. जॅझ ठेवला. साडेआठ हजारांचा वाटूरलाच आहे, आता त्याच्या तारा वर्षातून एकदा बदलतो. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये अब्बा दर चार दिवसांनी त्या पाईपमध्ये बादलीभर पाणी ओततात. मी पुण्यात असतो तेव्हाही.